लेथचे घट्ट बसलेले चेंज गिअर : काढण्यापासून पुन्हा बसवण्यापर्यंतचे तीन आठवडे

लेथ घेऊन दीड वर्ष झालं तरी त्याचे चेंज गिअर, म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्यात टूल किती सरकेल हे ठरवणारे बदलते गिअर, मी एकदाही बदलले नव्हते. कारण साधं होतं. पहिल्याच आठवड्यात लीड स्क्रूवरचा (टूल सरकवणाऱ्या लांब आटेदार दांड्यावरचा) गिअर ओढून पाहिला, तो हलला नाही, आणि मी कव्हर परत लावून टाकलं. नंतर टर्निंग, फेसिंग, ड्रिलिंग सगळं केलं, पण आटे पाडायची वेळ आली की डाय (हाताने आटे पाडायचं हत्यार) शोधायचो. शेवटी एका डायल स्टँडसाठी १२ मिमीच्या दांड्यावर १ मिमी पिचचे (म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतर असलेले) बारीक आटे हवे होते. त्या मापाची डाय माझ्याकडे नव्हती. कव्हर उघडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

ज्यांच्या लेथचे गिअर असेच चिकटून बसलेत त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो. मला मधले दोन टप्पे कुणीतरी आधी सांगितले असते, तर एक गिअर वाचला असता.

आधी यंत्राची ओळख. टेबलावर बसणारा छोटा लेथ. बेडवर साधारण १८० मिमी व्यासाचं काम फिरतं, दोन सेंटरमध्ये ३०० मिमी अंतर. लीड स्क्रूची पिच १.५ मिमी. गिअर लोखंडी, १ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दातांचं माप), १२ मिमी भोकाचे, आणि ३ मिमीच्या चावीवर बसणारे. चावी म्हणजे शाफ्ट आणि गिअर दोन्हींच्या खाचेत बसणारा छोटा तुकडा, त्याने गिअर शाफ्टबरोबरच फिरतो. स्पिंडलची गती टंबलरमधून (दिशा बदलणाऱ्या गिअरांमधून) जशीच्या तशी ‘ए’ गिअरवर येते, ‘ए’ फिरवतो ‘बी’ला, ‘बी’च्याच बुशवर (नळीवर) ‘सी’ असतो, आणि ‘सी’ लीड स्क्रूवरच्या ‘डी’ला फिरवतो. लेथ आला तेव्हा त्यावर २०-८०-२०-८० अशी जोडणी होती. २० भागिले ८०, पुन्हा २० भागिले ८०, गुणिले १.५ असं केलं की ०.०९ मिमीच्या जरा वर येतं, म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्यात टूल तेवढं सरकतं. गुळगुळीत टर्निंगसाठी हे छान, आट्यांसाठी निरुपयोगी. १ मिमी पिचसाठी १ भागिले १.५, म्हणजे दोन तृतीयांश हवं. ‘ए’ला ४०, ‘डी’ला ६०, मध्ये कोणताही पोहोचणारा गिअर. मधल्या गिअरला किती दात आहेत याने प्रमाणात काही फरक पडत नाही, तो फक्त गती पुढे देतो.

कागदावर पाच मिनिटांचं काम.

७ फेब्रुवारी, शनिवार. सगळ्यात आधी प्लग भिंतीतून काढला. नुसतं बटण बंद करून गिअरमध्ये बोटं घालू नका. काम करताना कोपर बटणाला लागतंच. कव्हर काढलं, मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घेतले. कोणता वॉशर कुठे होता, स्पेसर गिअरच्या मागे होता की पुढे, हे त्या फोटोंमुळेच नंतर कळलं. फोटो काढताना प्रकाश बाजूने पडू द्या, समोरून फ्लॅश मारला तर तेलकट लोखंड नुसतं चमकतं.

‘ए’चा २० चा गिअर थोडा डुलवल्यावर निघाला. ‘बी’ आणि ‘सी’ ज्या स्टडवर (खुंटीवर) होते तो क्वाड्रंटमधून (गिअर धरणाऱ्या झुलत्या ब्रॅकेटमधून) सैल केल्यावर दोन्ही गिअर बुशसकट हातात आले, पण बुशवरून एकही सुटेना. आणि लीड स्क्रूवरचा ८० चा गिअर तर जणू शाफ्टमधूनच उगवला होता. टोकाचा स्क्रू आणि वॉशर काढला, हाताने ओढलं, काही नाही. मग मी ती चूक केली. गिअरच्या मागे दोन बाजूंनी दोन स्क्रूड्रायव्हर घातले आणि टेकू देऊन दाबले. एक बाजू केसभर हलली, गिअर तिरका झाला, आणि तिरका झाल्यामुळे आणखी घट्ट आवळला. दुसऱ्या दाबाला टिक असा आवाज आला. गिअर हलला नव्हता. एका दाताचा कोपरा तुटून खाली चिपांच्या ट्रेमध्ये पडला होता.

तो तुकडा तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसलो. तांदळाच्या कणीएवढा होता, तुटलेली बाजू करडी आणि खडबडीत. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) दात असा तुटतो हे मला माहीत होतं. माहीत असूनही दाबलं, याचं वाईट जास्त वाटलं.

संध्याकाळी मामांना फोन केला. ते आयुष्यभर टर्नर होते.

“अरे, घट्ट आहे म्हणजे कुठे घट्ट आहे?” त्यांनी पहिलंच विचारलं.

“शाफ्टवर, मामा.”

“ते मलाही कळलं. पण भोकात घट्ट, चावीत घट्ट, की नुसतं वंगण सुकून धरलंय? तिन्हीचा इलाज वेगळा. तू न बघता जोर लावतोयस.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी खरं तर त्या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. त्यांनी आणखी विचारलं, गिअर कशाचा आहे? लोखंडी म्हटल्यावर म्हणाले, मग थोडा गरम करायला हरकत नाही. प्लास्टिकचा असता तर हीटगन जवळपास नेऊ नको म्हणालो असतो. आणि लीड स्क्रूच्या टोकावर हातोडी मारायची नाही, कारण तो मार पलीकडे ब्रॅकेट आणि बेअरिंगवर जातो.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्रभर पातळ तेल आणि रॉकेलचं मिश्रण गिअरच्या दोन्ही बाजूंनी सोडून ठेवलं होतं. सकाळी टॉर्च धरून शाफ्टचं टोक नीट पाहिलं. स्क्रूच्या भोकाभोवती कडेला एक बारीक बर (धातूची उठलेली कड) उभा होता, वॉशर आवळून आवळून आलेला. गिअर त्या बरावरूनच बाहेर यायचा होता. बारीक कानशीने तो हलकेच उतरवला, खाली चिंधी धरून, म्हणजे बुरा गिअरच्या फटीत गेला नाही.

पुलर असता तर प्रश्नच नव्हता, पण गिअर आणि ब्रॅकेट यांच्यात जेमतेम ६ मिमी जागा होती, नेहमीच्या पुलरचे पाय तिथे जात नाहीत. म्हणून पट्ट्यांचा केला. ५ मिमी जाडीच्या पट्टीत घोड्याच्या नालासारखी १३ मिमी रुंद खाच कापली, म्हणजे ती शाफ्टवरून गिअरच्या मागे सरकते. समोर १० मिमी जाडीची दुसरी पट्टी, तिच्या मध्यभागी आटे पाडून ८ मिमीचा बोल्ट. दोन्ही पट्ट्या गिअरच्या बाहेरून जाणाऱ्या दोन लांब बोल्टांनी जोडल्या. १ मॉड्यूलच्या गिअरचा बाहेरचा व्यास म्हणजे दातांची संख्या अधिक दोन, इतके मिमी. ८० चा गिअर ८२ मिमीचा, म्हणून दोन बोल्टांमध्ये ९० मिमी अंतर ठेवलं. (हेच गणित उलटं करून दात न मोजता गिअर ओळखता येतो. व्हर्नियरने बाहेरचं माप घ्या, दोन वजा करा.) या रचनेचा फायदा असा की ओढ भोकाजवळ बसते, दातांवर जोर येत नाही. मधला बोल्ट थेट शाफ्टवर टेकवला तर स्क्रूच्या भोकाचे आटे बिघडतील, म्हणून मध्ये पितळेची १० मिमी व्यासाची चकती ठेवली. चकती शाफ्टपेक्षा लहानच हवी, नाहीतर गिअर बाहेर येताना तिलाच अडेल.

तेल-रॉकेल चिंधीने पुसून पूर्ण सुकू दिलं, मगच हीटगन हातात घेतली. हे विसरू नका, रॉकेलजवळ गरम हवा म्हणजे आगीला आमंत्रण. गिअरच्या पाटावर गोल गोल गरम हवा फिरवली, शाफ्टवर ओली चिंधी. लोखंडाचं १२ मिमीचं भोक ८० अंश तापमानवाढीला ०.०१२ मिमीच्या आसपास मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट-सैल यातलं अंतर एवढंच असतं. बोल्ट पाव फेरा आवळला, त्याच्या डोक्यावर हलकी टकटक केली, थांबलो. पुन्हा पाव फेरा. तिसऱ्या वेळी टक् असा स्वच्छ आवाज आला आणि बोल्ट अचानक सैल लागला. गिअर दोन मिमी पुढे आला होता. त्यानंतर हाताने ओढून निघाला.

शाफ्ट पुसून पाहिला तर त्यावर एक ओरखडाही नव्हता. नुसता तपकिरी चिकट थर होता, कारखान्यातून येताना लावलेलं गंजरोधक सुकून झालेला. पण चावीच्या एका बाजूला, वरच्या कडेपासून खाली, चकचकीत घासलेली रेघ होती. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे मिळालं.

‘बी’-‘सी’चं बुश त्याच संध्याकाळी सोडवलं. व्हाइसमध्ये एका बाजूला मोठा सॉकेट धरला, ज्याच्या पोकळीत बुश जाईल पण गिअर त्याच्या काठावर टेकेल, दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा किंचित लहान सॉकेट, आणि व्हाइस सावकाश आवळत नेला. सरळ दाब पडला की निघतो.

तुटलेल्या दाताचा ८० चा गिअर फीडसाठी लागणारच होता. नवा मागवला. मागवताना चार गोष्टी कळवाव्या लागतात : मॉड्यूल, दात, भोक आणि चावीची रुंदी. पाचवी मी जवळपास विसरलो होतो, गिअरची जाडी. प्रेशर अँगल (दातांच्या बाजूंचा कोन) २० अंश आहे हेही लिहून विचारलं, कारण जुन्या यंत्रांचे काही गिअर साडेचौदा अंशांचे असतात आणि ते एकमेकांत नीट बसत नाहीत. यायला अकरा दिवस लागले.

ते अकरा दिवस वाया गेले नाहीत. रोज संध्याकाळी अर्धा तास देऊन मी सगळे गिअर एकेक तपासले, आणि या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी भाग हाच. गिअर चावीसकट लावून पाहिला की तो ‘घट्ट’ आहे एवढंच कळतं. म्हणून तीन वेगळ्या परीक्षा घेतल्या. चावी काढून नुसता गिअर शाफ्टवर. नुसती चावी शाफ्टच्या खाचेत. आणि नुसती चावी, हातात धरून, गिअरच्या खाचेत. बहुतेक सगळे गिअर चावीशिवाय अंगठ्याच्या दाबाने सुळकन गेले. चावी शाफ्टमध्ये व्यवस्थित बसत होती. पण चौदापैकी पाच गिअरांच्या खाचेत चावी शिरतच नव्हती. मायक्रोमीटरने चावी ३.०० मिमी होती, म्हणजे तिचा दोष नव्हता. खाच मोजायला माझ्याकडे साधन नव्हतं, तर ३ मिमीच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा वापरला. तो ३ मिमीला थोडा कमीच असतो. जिथे तोही जात नाही ती खाच नक्कीच अरुंद.

इथे एक मोह होतो आणि तो टाळायला हवा. चावी एकच आहे, लहान आहे, पॉलिश पेपरवर चार वेळा घासली की सगळे गिअर बसतील असं वाटतं. बसतीलही. पण जे नऊ गिअर आधीच नीट होते ते मग चावीवर डुलतील, आणि लेथ उलटा-सुलटा करताना प्रत्येक वेळी आधी ती ढिलाई भरून निघेल आणि मगच लीड स्क्रू फिरेल. सगळ्यात घट्ट गिअरच्या मापाने चावी कापायची नाही. चावी आहे तशी ठेवली आणि त्या पाच गिअरांच्याच खाचा उघडल्या. चावीच्या दोन्ही बाजूंना मार्कर पेनची शाई लावायची, खाचेत जाईल तेवढी दाबायची, काढायची. जिथे शाई पुसली गेली तिथेच अडतंय. त्याच जागेवर बारीक चपट्या कानशीचे दोन हात, पुन्हा शाई, पुन्हा दाब. कानशीची एक कड गुळगुळीत असेल तर ती खाचेच्या तळाकडे ठेवा. चार गिअरांत अडचण फक्त तोंडाशी होती, कापताना राहिलेला बर. पाचवा, ४५ चा, खरोखर अरुंद होता. त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

१९ फेब्रुवारीला नवा गिअर आला. चावीची खाच उत्तम. पण चावीशिवायही तो शाफ्टवर दोन मिमी जाऊन थांबला. पहिल्यांदाच भोक घट्ट असलेला गिअर हातात आला होता. शाफ्ट मायक्रोमीटरने ११.९९ मिमी. भोक टेलिस्कोपिक गेजने पाच वेळा मोजलं, सरासरी ११.९८. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांवर इतक्या लहान भोकासाठी विश्वास ठेवू नका, ते भोक नेहमी लहान दाखवतात. १२ मिमीच्या एच७ या प्रमाणाच्या भोकाला १२.००० ते १२.०१८ अशी मुभा असते. हा गिअर त्या हद्दीच्या खालीच राहिला होता.

हातात रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) असता तर एका फेऱ्यात काम झालं असतं, पण तो पिळाच्या दातांचा हवा. सरळ दातांचा रीमर चावीच्या खाचेत अडकतो आणि भोक ओरबाडतो. माझ्याकडे सरळ दातांचाच होता, म्हणून तो बाजूला ठेवला. लाकडी दांड्याला उभी चीर पाडून त्यात २४० चा पॉलिश पेपर अडकवला, दांडा हँडड्रिलमध्ये धरला. दांडा गिअरच्या जाडीपेक्षा बराच लांब ठेवला आणि प्रत्येक वेळी तो पूर्ण आरपार नेला. हे महत्त्वाचं आहे, कारण पेपर भोकाची तोंडं आधी खातो आणि मध्यभाग तसाच राहतो. मग गिअर शाफ्टवर जातो खरा, पण मध्ये एका रिंगवर तोललेला राहतो आणि फिरताना डोलतो. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी गिअर उलटा केला, पुसला, थंड होऊ दिला, लावून पाहिला. गरम गिअर लावून पाहिला तर बसल्यासारखा वाटतो आणि थंड झाला की धरतो. शेवटचे दोन हात ४०० च्या पेपरने. २१ तारखेच्या दुपारी तेलाच्या एका थेंबासह तो आत गेला, हवा दाबली जात असल्यासारखा सावकाश. तो क्षण फार आनंदाचा होता. दहा-बारा वेळा काढून घालून पाहिला, नुसता त्या स्पर्शासाठी.

२२ फेब्रुवारी, रविवार. जोडणी. ‘ए’ला ४०, मध्ये ८०, ‘डी’ला ६०. आधीच्या जोडणीत गिअर दोन पातळ्यांत फिरत होते, आता तिन्ही एकाच पातळीत हवे. म्हणून मधल्या बुशवर एका बाजूला रिकामा २० चा गिअर स्पेसरसारखा घातला आणि लीड स्क्रूवरचा स्पेसर गिअरच्या दुसऱ्या बाजूला घेतला. पट्टी आडवी लावून तिन्हीचे पाट एका रेषेत आले का ते पाहिलं.

आणि नट आवळल्याबरोबर सगळं जाम झालं. गिअर नाही, मधला स्टडच. नट सैल केला की बुश फिरे, आवळला की थांबे. अर्धा तास मी दातांची पकड कमी-जास्त करत बसलो, दोष तिथे नव्हताच. स्टडवर एक खांदा असतो, नट त्या खांद्यावर आवळला जायला हवा आणि बुशला त्याच्या आत थोडी मोकळीक हवी. माझं बुश खांद्यापेक्षा जेमतेम ०.१ मिमी लांब होतं, त्यामुळे नट खांद्याऐवजी बुशलाच दाबत होता. काचेवर पॉलिश पेपर पसरून बुशचं तोंड आठच्या आकड्यासारखं घासलं, मधूनमधून अर्धा फेरा वळवत, म्हणजे एकीकडे उतरणार नाही. बुश खांद्यापेक्षा साधारण ०.१ मिमी आखूड केलं. स्टडवर ग्रीसचं बोट फिरवलं. आता नट पूर्ण आवळूनही गिअर एका बोटाने फिरू लागला.

पकड लावायचा क्रम असा. आधी मधला गिअर ‘डी’ला भिडवा आणि स्टड क्वाड्रंटमध्ये आवळा. मग पूर्ण क्वाड्रंट झुलवून मधला गिअर ‘ए’ला भिडवा आणि क्वाड्रंटचा बोल्ट आवळा. दोन्ही वेळा दातांमध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी ठेवा. ती साधारण ०.१ मिमी जाड असते. आवळून झाल्यावर चक (स्पिंडलवरचा, काम धरणारा भाग) हाताने फिरवून पट्टी बाहेर काढा. ती नागमोडी घडी पडलेली पण न फाटलेली निघाली तर अंतर बरोबर. फाटली तर फार घट्ट. मी एकाच जागी पट्टी लावून समाधान मानलं, आणि चक हाताने फिरवताना दर फेऱ्यात एका ठिकाणी जड लागायला लागलं. गिअर अगदी गोल नसतात, भोक केसभर एका बाजूला असतं. चार जागी पट्टी घालून पाहिली, जिथे सगळ्यात घट्ट तिथे अंतर जुळवलं.

१ मार्च. हाफ नट (टूल सरकवण्यासाठी लीड स्क्रूला पकडणारे दोन अर्धे नट) उघडे ठेवून चक हाताने वीसेक फेरे फिरवला, चकची चावी काढली, कव्हर लावलं, मगच प्लग जोडला. सगळ्यात कमी वेगावर दांड्यावर नुसती ओरखड्याएवढी खूण पाडली. व्हर्नियर दहा आट्यांवर ठेवला. दहा मिमी.

बाकी आटे नेहमीच्या पद्धतीने पाडले, फक्त हाफ नट शेवटपर्यंत उघडले नाहीत. १.५ मिमीच्या लीड स्क्रूवर १ मिमीचे आटे दर ३ मिमीनेच जुळतात, हाफ नट चुकीच्या जागी पकडले तर टूल दुसऱ्याच वाटेने जातं. म्हणून प्रत्येक वेळी टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवली. स्टँडचा जुना नट त्यावर पहिल्याच प्रयत्नात चढला.

खर्च म्हणाल तर एक गिअर, पॉलिश पेपरचे चार तुकडे आणि भंगारातल्या दोन पट्ट्या. वेळ तीन आठवडे, त्यातले अकरा दिवस वाट पाहण्याचे. गेल्या रविवारी पुन्हा २०-८०-२०-८० लावलं, पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा कागदाच्या पट्टीत.

६५ चा गिअर अजून एका बाजूने सहज जातो आणि उलटा केला की अडतो. त्याला मी हात लावलेला नाही. सरळ बाजूवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला आहे, आणि तुटक्या दाताचा जुना ८० त्याच डब्यात तळाशी ठेवला आहे, पुढे कधी स्पेसर लागला तर.